काल दूध संपलं म्हणून

काल रात्री साडेअकराला मी खुर्चीतून उठून एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. बायकोने डोकावून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "डॉक्स चार सेकंदांत बिल्ड झाले!" तिने दार लावून घेतलं. आता तुम्हीच ऐका.

एका ओपन सोर्स पायथन लायब्ररीच्या डॉक्समधल्या बारीकसारीक चुका मी अधूनमधून सुधारतो. डॉक्स स्फिंक्सवर, म्हणजे साध्या मजकुरातून डॉक्सची पानं बनवणाऱ्या साधनावर आहेत. हे स्फिंक्स गेऑर्ग ब्रांडल यांनी मुळात पायथनच्याच डॉक्ससाठी लिहिलं, 2008 साली बाहेर आलं. त्याआधी ते डॉक्स लाटेकमध्ये लिहीत. आता 'मेक एचटीएमएल' म्हटलं की पानं तयार. आमच्याकडे मात्र एक स्वल्पविराम हलवला तरी सगळी पानं पहिल्यापासून! आदेश द्यायचा आणि चहा टाकायला जायचं. स्फिंक्स असंच असतं, अशी माझी ठाम समजूत.

काल दूध संपलं होतं. म्हणून स्क्रीनकडे बघत बसलो आणि ती ओळ पहिल्यांदाच वाचली: कॉन्फिग चेंज्ड, कंसात आरएसटी एपिलॉग, आणि पुढे सगळीच्या सगळी पानं 'अ‍ॅडेड'. अहो, मी कॉन्फिगला हातही लावला नव्हता!

कॉन्फिगची फाइल, कॉन्फ डॉट पीवाय, उघडली. कुणीतरी कधीकाळी, अगदी चांगल्या मनाने, प्रत्येक पानाच्या तळाशी बिल्डची वेळ छापायची सोय करून ठेवली होती. सेकंदांसकट! आरएसटी एपिलॉग म्हणजे प्रत्येक फाइलच्या शेवटी जोडायचा मजकूर. स्फिंक्स एकदा वाचलेली पानं डॉकट्रीज फोल्डरमध्ये जपून ठेवतं आणि पुढच्या खेपेला बदललेलीच वाचतं. पण हा मजकूर बदलला, की साठवलेल्या सगळ्यावर पाणी. आणि तो तर दर बिल्डला बदलत होता! बिचारं स्फिंक्स शहाण्यासारखं वागत होतं, कारणही सांगत होतं, आम्ही चहा पीत होतो. एपिलॉगची ती ओळ उडवली. तारीख दाखवायला 'एचटीएमएल लास्ट अपडेटेड एफएमटी' ही वेगळी सोय आहेच.

मग चटकच लागली. पहिला पूर्ण बिल्ड वेगात व्हावा म्हणून 'डॅश जे ऑटो' दिलं, की सगळे कोअर एकदम कामाला लागावेत. तर इशारा आला: तुमचं एक एक्स्टेन्शन समांतर वाचनाला चालेल की नाही ते सांगत नाही, म्हणून एकेक करूनच वाचतो. एकाच्या मौनामुळे सगळे रांगेत! ते आमचंच घरगुती एक्स्टेन्शन. ते पानापानांतून गोळा केलेलं काही साठवत नाही ना, एवढं तपासलं (साठवत असतं तर ते एकत्र करायचा कोडही लिहावा लागला असता) आणि सेटअपमध्ये 'पॅरलल रीड सेफ' खरं म्हणून टाकलं. पंखा घरघरला, पानं भराभर सरकली. तेव्हाच्या त्या टाळ्या.

तुमचेही डॉक्स स्फिंक्सवर असतील, तर काहीही न बदलता लागोपाठ दोनदा बिल्ड करून बघा. दुसऱ्या खेपेला 'शून्य अ‍ॅडेड, शून्य चेंज्ड' दिसलं नाही, तर कंसात काय लिहिलंय तेवढं वाचा.