उघडे तोंड, मिटलेले तोंड

वडिलांच्या मृत्यूनंतर घरातील कागदपत्रांची जी आवराआवर करावी लागली, तीत एक कागद असा निघाला की ज्याला मुदत होती. तो होता आमच्या दिवाणखान्यातील बिबट्याच्या डोक्याचा मालकी-दाखला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अमलात आल्यावर वडिलांनी ते डोके रीतसर नोंदवले होते. या अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दाखला नसलेल्या माणसाला अशी वस्तू केवळ वारशानेच स्वतःकडे घेता येते. आणि ज्याच्याकडे ती वारशाने येते त्याने नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे निवेदन द्यायचे असते. निवेदन हा शब्द समीक्षेत मी आयुष्यभर निराळ्या अर्थाने वापरत आलो. आता त्याच नावाच्या कागदावर वस्तूचे वर्णन लिहिण्याची वेळ आली, आणि मी पहिल्याच ओळीपाशी अडलो.

डोके खांद्यापर्यंतचे. काळ्या पडलेल्या सागवानी फळीवर बसवलेले. मान डावीकडे वळलेली, जबडा पूर्ण उघडा, जीभ लाल, चारही सुळे शाबूत. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या जंगलखात्यात नोकरीला होते. संस्थान १९४९ साली विलीन झाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, राधानगरीच्या बाजूला, त्यांनी हा बिबट्या मारला. घरातली कथा अशी की तो मचाणावर झेपावला आणि आजोबांनी त्याला हवेतच टिपला. आम्हा भावंडांना या कथेचा पुरावा रोज समोर दिसत असे. पुढे एम.ए.च्या वर्गात निवेदनमीमांसा शिकवताना मी याच डोक्याचे उदाहरण देऊ लागलो. संघर्षाचा परमोच्च क्षण गोठवून ठेवणारी ही एक संहिता आहे, ती वाचताना वाचक शिकाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि झेप आपल्यावरच येते आहे असे त्याला वाटते, असे मी सांगत असे. विद्यार्थी ते उतरवून घेत. त्या विवेचनात रूपाविषयी जे होते ते अजूनही मला मान्य आहे. चूक एका गृहीतकात होती: हा क्षण कधीतरी घडला होता, असे मी धरून चाललो होतो.

मराठीत आपण ‘पेंढा भरलेला वाघ’ म्हणतो आणि समीक्षेत निर्जीव व्यक्तिरेखेला तीच उपमा देतो. प्रत्यक्षात गेल्या शतकातील चांगल्या कामात पेंढा जवळजवळ नसेच. कातडे कमावून ते कागदाच्या लगद्याच्या पोकळ आकृतीवर चढवले जाई. म्हैसूरची व्हॅन इंगेन ही पेढी विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत चालली. वाघ-बिबट्यांच्या कामासाठी तिची ख्याती होती आणि निरनिराळ्या मापांचे साचे तिच्याकडे तयार असत. यात एक गोष्ट अंतर्भूत आहे, ती मला फार उशिरा उमगली. कातडे त्या विशिष्ट प्राण्याचे असते, मुद्रा मात्र साच्याची असते. आणि कोणता साचा घ्यायचा हे प्राण्याच्या मालकाने ठरवायचे असते.

त्याच्यापुढे पर्याय मोजकेच असत. नुसती कवटी किंवा शिंगे फळीवर बसवायची. सपाट कातडे भिंतीवर ताणायचे. डोके भरून उरलेले कातडे गालिच्यासारखे जमिनीवर अंथरायचे. खांद्यापर्यंतचे डोके करायचे. किंवा संपूर्ण प्राणी उभा करायचा. शेवटच्या पर्यायाला पैसा हवा आणि जागाही हवी. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात गेलेल्यांना त्या ऐश्वर्याची कल्पना आहे. या प्रत्येक पर्यायात मेलेल्या प्राण्याशी असलेले नाते निराळे आहे. शिंगे मोजता येतात. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ साली शिकारीच्या विक्रमी मापांचे पुस्तक काढले, त्यातल्या दृष्टीला कवटी आणि शिंगे पुरेशी होती. अंथरलेल्या कातड्यावर पाय ठेवता येतो. डोके मात्र आपल्याकडे बघते. ते व्यक्तिचित्र असते. म्हणून तिथे आणखी एक प्रश्न उद्भवतो: तोंड उघडे की मिटलेले? सांबराच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. त्याचे वैभव शिंगांत असते आणि ती तोंड मिटूनही दिसतात. बिबट्याचे वैभव दातांत मानले जाते, आणि दात दाखवायचे तर ओठ वर खेचावे लागतात. ओठ वर खेचले की राग येतो. राग आला की तो कोणावर तरी असावा लागतो. अशा रीतीने केवळ दात दाखवण्याच्या हौसेतून एक हल्ला निर्माण होतो, आणि हल्ला झाला म्हटल्यावर गोळी झाडणारा आपोआप बचाव करणारा ठरतो.

निवेदन लिहिण्यापूर्वी मापे घ्यावीत म्हणून आम्ही भावांनी ते डोके खाली उतरवले. जुन्या कातड्यांना किडीसाठी सोमल लावलेला असतो, तेव्हा हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून. इतक्या वर्षांत त्याची डावी बाजू मी प्रथमच पाहिली. डाव्या कानामागे, केसांखाली, बारीक टाक्यांनी शिवलेली एक जुनी जखम होती. मान डावीकडे वळवल्यामुळे ती बाजू कायम भिंतीकडे राहिली होती. ज्याला आम्ही शत्रूकडे वळून पाहणे समजत होतो, तो शिवण लपवण्याचा उपाय होता. अंगावर झेपावणाऱ्या जनावराला गोळी कानामागे लागत नाही, हे कळायला शिकारीचे ज्ञान लागत नाही. मग आणखी एक विसंगती दिसली. चवताळलेला बिबट्या कान मागे पाडतो, डोक्याला चिकटवतो. आमच्या बिबट्याचे कान ताठ उभे होते, काहीतरी दुरून ऐकणाऱ्या जनावराचे असतात तसे. एकाच चेहऱ्यावर दोन मनःस्थिती होत्या आणि मी साठ वर्षे त्यांतली एकच वाचत आलो होतो.

आजोबांची टिपणवही वडिलांच्या पेटीत होती. नोंद चार ओळींची आहे. बिबट्या बांधलेल्या शेळीपाशी संध्याकाळी आला, बसला, मागच्या रानाकडे मान वळवून राहिला. वीस हातांवरून एक गोळी. जागीच. झेपेचा उल्लेख नाही. त्याखाली म्हैसूरला पाठवायच्या मजकुराचा कच्चा खर्डा आहे: खांद्यापर्यंत डोके, मान डावीकडे, ‘तोंड मिटलेले’. यातील ‘मिटलेले’ हा शब्द खोडला आहे आणि वर निराळ्या शाईने ‘उघडे’ असे लिहिले आहे. अक्षर आजोबांचेच आहे.

पाठचिकित्सेचे शिक्षण घेतलेल्या माणसाला असा पाठभेद म्हणजे पर्वणी वाटावी. मला ती वाटली नाही. पहिला पाठ खरा आणि दुसरा खोटा, असा निवाडा करण्याचा मोह मात्र झाला. तो मोह आवरला तो एका जुन्या वाचनामुळे. डॉना हॅरवे यांनी न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील आफ्रिकन दालनाविषयी १९८०च्या दशकात लिहिलेला निबंध आपल्याकडेही चर्चिला गेला. ते दालन कार्ल एकली यांच्या कल्पनेतून उभे राहिले. त्यांचा मृत्यू १९२६ साली झाला, दालन १९३६ साली खुले झाले. प्राण्याचे स्नायू मातीत घडवून, त्यावरून हलकी आकृती तयार करून तीवर कातडे चढवण्याची त्यांची पद्धत या कलेतील फार मोठी मजल होती. तिथली बहुतेक जनावरे शांत आहेत: चरणारी, पाणी पिणारी, कळपातली. गोरिलांच्या गटातला नर तेवढा छाती बडवत उभा आहे. हॅरवे यांनी दाखवले ते असे की या शांततेमागेही शिकार आहे, निवड आहे, आणि निसर्ग कसा असावा याविषयी एका विशिष्ट वर्गातील पुरुषांची कल्पना आहे. म्हणजे आजोबांनी ‘मिटलेले’ हा शब्द ठेवला असता तरी भिंतीवर सत्य आले नसते. उघड्या तोंडाने शेळीचे आमिष लपवले. मिटलेल्या तोंडाने कदाचित गोळीच लपवली असती, आणि आम्ही एका धीरगंभीर, जणू स्वखुशीने भिंतीवर आलेल्या जनावराखाली वाढलो असतो.

आजोबांनी तो शब्द का खोडला असेल? ते बढाईखोर नव्हते. घरातली झेपेची कथा त्यांनी स्वतः सांगितल्याचे कोणालाच आठवत नाही. मला वाटते, कथा डोक्यामागून आली. चेहरा आधी टांगला गेला आणि त्याला साजेसे कथानक पाहणाऱ्यांनी पुरवले.

आत्याचे वय आता ८४ आहे. डोके खाली उतरवून सतरंजीवर ठेवले होते तेव्हा ती येऊन बसली. बराच वेळ पाहून म्हणाली, “बैलगाडीतून आणला तेव्हा तोंड मिटलेलं होतं रे याचं. झोपल्यागत दिसत होता. मी हात लावला होता.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलं? जो यायचा तो भिंतीकडे बघायचा.”

मी तिला वहीतली खाडाखोड वाचून दाखवली. तिने आठवून सांगितले की ज्या वाडीतली वासरे जात होती तिथली माणसे महिनाभर घरी येत होती, आणि जनावर कसे होते ते विचारत होती. एवढेच. त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण वासरे गमावलेल्या माणसांना मिटल्या तोंडाचा बिबट्या दाखवणे आजोबांना जड गेले असेल, ही शक्यता मी माझ्या वर्गातल्या विवेचनात कधी धरली नव्हती. वाचक म्हणून मी फक्त शिकाऱ्याच्या जागी उभा राहिलो. त्या भिंतीसमोर आणखीही माणसे उभी राहिली होती, आणि कदाचित चेहरा त्यांच्यासाठी निवडला होता.

२०२२ सालच्या दुरुस्तीने अशी वस्तू नको असल्यास ती शासनाकडे सुपूर्द करण्याची सोय झाली आहे. तिचा मोबदला मिळत नाही. धाकट्या भावाला डोके घरातच हवे आहे, मला ते नको आहे. नव्वद दिवसांत आमचे एकमत झाले नाही, म्हणून तूर्त वारसाचे निवेदन तेवढे दिले. वर्णनात लिहिले: बिबट्या, नर, खांद्यापर्यंतचे डोके, मान डावीकडे, डाव्या कानामागे शिवण, तोंड उघडे. ‘उघडे’ पुढे ‘केलेले’ हा शब्द घालावा असे फार वाटले. भाऊ म्हणाला, सरकारी कागदावर भाष्य करू नये. ते मी ऐकले. मात्र वहीतल्या त्या पानाची छायाप्रत आणि आत्याने सांगितलेले, तारीख घालून, एका लिफाफ्यात ठेवून तो फळीच्या पाठीला बांधला आहे. डोके पुढे कुठेही गेले तरी तो सोबत जाईल. वर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांनी माझे विवेचन उतरवून घेतले, त्यांच्या वह्यांना असा लिफाफा जोडता येत नाही. म्हणून हा लेख.