हंटरवालीचा नाद

माणसाला एखादा नाद असावा, पण तो कपाटात मावेल एवढाच असावा, असा आमच्या घरातला अलिखित कायदा आहे. त्या कायद्यान्वये नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात लोखंडी कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा माझ्या वाट्याला आला आहे. वरच्या कप्प्यात घरच्या मंडळींच्या साड्या, मधल्यात मुलांची प्रमाणपत्रे आणि विम्याचे कागद, आणि खालच्यात हंटरवाली! आठवडाभर वर्गात ज्ञानेश्वरी शिकवणारा गृहस्थ रविवारी जुन्या स्टंटपटांची भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या चोपड्या धुंडाळत हिंडतो, हे माझ्या सहकाऱ्यांना अजून पचलेले नाही. "अहो, निदान 'संत तुकाराम' तरी गोळा करा," असे एकाने मला अगदी कळवळून सुचवले. त्यांना काय सांगावे? नाद काही ठरवून लागत नाही. आणि माझा नाद तर नावापासूनच नादियाचा.

तरुण वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. मेरी अॅन एव्हान्स हे तिचे खरे नाव. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी. लहानपणीच ती वडिलांबरोबर हिंदुस्थानात आली. पुढे नाच शिकली, सर्कशीत राहिली, आणि वाडिया मूव्हिटोनच्या जमशेद व होमी या वाडिया बंधूंच्या नजरेस पडली. १९३५ मध्ये त्यांनी तिला घेऊन 'हंटरवाली' काढला. दुष्ट वजीर राजाला कैद करतो, तेव्हा राजकन्या माधुरी मुखवटा चढवते, हाती हंटर घेते आणि गोरगरिबांच्या बाजूने उभी राहते, अशी ती कथा. ग्रँट रोडच्या सुपर चित्रगृहात बोलपट लागला आणि २५ आठवडे हलला नाही. मग 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६), 'डायमंड क्वीन' (१९४०), 'हंटरवाली की बेटी' (१९४३) अशी रांगच लागली. नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या करी, धिप्पाड पुरुषाला खांद्यावर उचलून फेकून देई, आणि हे सारे बदली माणूस न घेता. तिच्या घोड्याचे नाव 'पंजाब का बेटा', तर मोटारीचे 'रोल्स रॉइस की बेटी'! पिटातल्या प्रेक्षकाला आणखी काय हवे?

आता मुद्द्याची गोष्ट. बोलपट गाजला तसे बाजारात हंटरवालीच्या नावाचे चाबूक आले, पट्टे आले, काड्यापेट्या आल्या, पत्त्यांचे जोड आले. हा माल वाडिया बंधूंनी काढलेला नव्हता. कोणी त्यांची परवानगी घेतली नाही, की त्यातली एक पैही त्यांच्या हाती पडली नाही. लोकांना ती बाई आवडली आहे, एवढे बाजाराला कळले होते आणि तेवढे त्याला पुरेसे होते.

विलायतेत हा व्यवहार फार पद्धतशीर झाला. १९६५ मध्ये कॉर्गी कंपनीने जेम्स बाँडची अॅस्टन मार्टिन मोटार खेळण्यात आणली. बटण दाबले की शेजारी बसलेला माणूस छपरातून बाहेर उडे. १९७७ च्या नाताळात 'स्टार वॉर्स'च्या बाहुल्या वेळेवर तयार होईनात, तेव्हा केनर कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट विकले. आत बाहुली नव्हतीच, होते ते 'पुढे पाठवू' असे लेखी वचन! आज तिकडच्या संग्राहकांत सर्वांत जास्त मोल असते ते न उघडलेल्या खोक्याला. मुलाने ज्याला हातही लावला नाही, ते खेळणे अमोल!

आमच्या हंटरवालीचा न्याय नेमका उलटा आहे. काडेपेटी आली ती चूल पेटवायला. चाबूक टांग्यात गेला असेल, पट्टा कमरेवर झिजला असेल, पत्ते पावसाळ्यात पिसून पिसून मऊ झाले असतील. हा माल ठेवण्यासाठी नव्हताच, वापरून संपवण्यासाठी होता. म्हणून तर तो सापडत नाही. हंटरवाली छाप काडेपेटी मला आजतागायत मिळालेली नाही. माझ्या कप्प्यात आहेत त्या काही चोपड्या, थोडी शोकार्डे, आणि एका जुन्या चित्रपटाच्या पुनःप्रदर्शनाच्या वेळचे भित्तिपत्रक. तरी शोध चालू आहे.

या शोधाचा रस्ता हार्बर लाइनचा. नेरूळहून गाडी पकडावी आणि खिडकीची जागा मिळाली तर देवाचे आभार मानावेत. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली; त्याच पुलावरून उलट मुंबईकडे निघायचे. चेंबूर आले की माझे डोळे आपोआप बाहेर जातात. वाडिया बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्यावर होमी वाडियांनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स काढली, तिचा स्टुडिओ पुढे याच चेंबुरात होता. (त्याच वर्षी परळच्या वाडिया मूव्हिटोनच्या जागेत शांतारामबापूंचे राजकमल कलामंदिर उभे राहिले.) आर. के. स्टुडिओही चेंबूरचाच. १६ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे आग लागली आणि जुन्या चित्रपटांचे पोशाख व कितीतरी आठवणीच्या वस्तू तासाभरात गेल्या. ज्यांच्यापाशी जागा होती, पैसा होता, नाव होते, त्यांचीही ही गत. मग चाळीतल्या ट्रंकेची काय कथा?

पुढे डॉकयार्ड रोड येते. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेले लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीतले मोठे नाव. आपले चित्रपटवाले वाडिया त्याच घराण्यातले. पूर्वजांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली मुंबईत बांधलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात जपून ठेवलेले आहे. वंशजांनी बांधले ते पडद्यावरचे जग, आणि त्याचा कागदही धड शिल्लक नाही.

सँडहर्स्ट रोडला उतरून पायी चालू लागले की गल्ल्या अरुंद होत जातात आणि मटन स्ट्रीट लागतो. हाच चोर बाजार. मूळ नाव 'शोर बाजार', साहेबाच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, अशी एक कथा सांगतात. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकाने पाहायची तर इतर वारी जावे. पितळी दिवे, ग्रामोफोनचे कर्णे, बुडालेल्या गिरण्यांची घड्याळे, आणि त्यांच्या मागे, भिंतीशी गुंडाळ्या करून ठेवलेले जुने बोलपट.

"साहब, ओरिजिनल है. खानदानी माल," असे दुकानदार म्हणतो. त्याने म्हणावे, आपण खिशातून भिंग काढावे. जुनी भित्तिपत्रके शिळाछापाची असत. कलावंत चित्र दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर हाताने उतरवी, त्यामुळे भिंगाखाली रंगाचा कण रांगोळीसारखा मोकळा विखुरलेला दिसतो. पुढे ऑफसेट छपाई आली. तिच्यात साबुदाणा ओळीने मांडावा तसे ठिपके दिसतात. आणि आज चहाच्या पाण्यात बुडवून 'पुरातन' केलेली नक्कलही मिळते. तिचा डाग सर्वत्र सारखा असतो; खऱ्या जुन्या कागदाला मात्र घडीवर वेगळे वय असते आणि कडेला वेगळे. तळाशी छापखान्याचे नाव आहे का, तेही पाहावे. ही कला आपल्याकडे रुजवणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे बाबूराव पेंटर अग्रणी. त्यांच्या 'कल्याण खजिना'चे (१९२४) भित्तिपत्रक हे उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांतले सर्वांत जुने म्हणून सांगितले जाते.

कोणी म्हणेल, या कागदांचे एवढे कौतुक कशाला? खुद्द चित्रपटच पाहावा की! पण जुनी नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. काही जळाली, काही कुजली, आणि कितीतरी आतली चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. 'आलम आरा' (१९३१) हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज नाही. त्याची छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, चोपडी आहे. सिनेमा गेला आणि कागद उरला.

मात्र एवढ्या फेऱ्यांनंतर माझ्या ध्यानात आले की, खरा चोर बाजार आमच्या घराशेजारीच आहे. सिडको १९७० ची. म्हणजे आमच्या शहराचे वय ते किती! पण इथे राहायला आलेली माणसे गिरगावची, लालबागची, परळची. येताना त्यांनी चाळीतल्या ट्रंका आणल्या आणि माळ्यावर टाकल्या. आता वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधणे चालू आहे. घर रिकामे करताना ट्रंक खाली येते, आणि तिच्यातला कागद किलोच्या भावाने जातो.

गेल्या वर्षी अशाच एका घरातून एका विद्यार्थिनीने मला बोलावले. तिच्या पणजीबाई नव्वदीच्या. जन्म 'हंटरवाली'च्याच वर्षीचा. त्यांच्यापाशी 'हंटरवाली की बेटी'ची चोपडी होती, दुमडून दुमडून चौकोनी झालेली. नातवाने तिची किंमत चौकशी करून ठेवली होती आणि त्याचा हिशेबही चूक नव्हता. नव्या घराचे भाडे, अनामत, सारेच त्याला भरायचे होते.

आजींनी मला चोपडी दाखवली, पण हातातून सोडली नाही. "मी आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "थोरल्या ताईने नेले होते. घरी येऊन आम्ही मुली पंचाला पीळ घालून हंटर करायचो. पुढे ताईचे लग्न झाले. नवरा हात उगारायचा. एकदा तिने पोळ्या लाटता लाटता लाटणे धरले आणि ओरडली, 'हेऽऽय!' अगदी नादियासारखी. तो असा दचकला! त्यानंतर हात उगारला नाही त्याने. ही चोपडी ताईची. जाताना मला देऊन गेली."

खोलीत कोणी बोलले नाही. मग आजींनीच विचारले, "मास्तर, तुम्ही हे कागद वाचता, की नुसते ठेवता?"

नातवाने चोपडी विकली नाही. आजींच्या संमतीने आम्ही तिची छायाचित्रे काढली, ताईची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली, आणि मूळ चोपडी त्यांच्या उशापाशी राहिली. पुढे ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला द्यावी, असे घरात ठरले आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांच्या रिळांबरोबर भित्तिपत्रके आणि चोपड्याही जतन केल्या जातात. चोपडीसोबत ताईचे लाटणेही कागदावर का होईना पुण्याला जाईल, कारण त्याच्यावाचून ती चोपडी अपुरी आहे. वाडियांच्या हिशेबवहीत न आलेली हंटरवालीची मिळकत ही अशी कुठे कुठे जमा आहे.

दिवाळीची साफसफाई आटोपून हा अंक आपण हाती घेतला असेल. माळ्यावरची ट्रंक अजून उघडायची राहिली असेल, तर रद्दीवाल्याच्या आधी आपण उघडा. जुना कागद निघाला तर त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंदही करू नका. ते दोन्ही उपाय कागदाला मारक. खाडीची दमट हवा आणि कसर यांपासून दूर, उन्हाआड, घडी उलगडून सपाट ठेवा. आणि एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: हे कोणी विकत घेतले, कुठे पाहिले, कोणाबरोबर पाहिले. सांगणारे माणूस घरात असेल, तर आजच विचारा. कागद आणखी दहा वर्षे थांबेल.