पेपरवाल्याचे काय?

‘वॉचमेन’ मी पहिल्यांदा वाचले ते चुकीच्या पद्धतीने, हे कबूल करण्यासाठीच हे टिपण. अ‍ॅलन मूर यांचे लेखन आणि डेव्ह गिबन्स यांची चित्रे असलेली ही बारा अंकांची मालिका अमेरिकेत १९८६-८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लगेच एका खंडात संग्रहित झाली. एका मित्राकडून आणलेला तो खंड मी दोन रात्रींत संपवला. सवय शब्दांची, संवाद वाचायचे आणि चित्रावरून नजर फिरवायची. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मी असाच वाचला होता. तिथे त्याने फारसे बिघडत नव्हते.

कथानक थोडक्यात असे. काळ १९८५. मुखवटाधारी वीरांवर १९७७ च्या कायद्याने बंदी आलेली, अमेरिका आणि सोव्हिएत युनियन अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर. ओझिमँडियस हा एक निवृत्त वीर परग्रहावरून हल्ला झाल्याचा बनाव रचतो आणि न्यूयॉर्कमधील लक्षावधी माणसे मारतो. समान शत्रूच्या भीतीने दोन्ही महासत्ता एकत्र याव्यात म्हणून. युद्ध टळते. कटाचा उलगडा झालेल्या इतर वीरांनी आता बोलावे की गप्प राहावे?

मला यात नीतिशास्त्रातील एक सुबक कोडे दिसले. वर्गात मी ते फळ्यावर आकड्यांत मांडले आणि ओझिमँडियसचे बरोबर की चूक, अशी चर्चा लावून दिली. ती रंगलीही. शेवटी मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण त्या पेपरवाल्याचे काय?”

कोण पेपरवाला, हेच मला क्षणभर आठवेना.

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले, आणि या वेळी चित्रे पाहिली. न्यूयॉर्कमधला एक चौक, तिथे वर्तमानपत्रांचा ठेला. ठेलेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला जगाच्या राजकारणावर व्याख्यान देतो. रशियावर बाँब टाकावा असे त्याचे ठाम मत. शेजारी जमिनीवर बसून एक मुलगा फुकटात चाच्यांचे कॉमिक्स वाचतो. त्या कॉमिक्समधला खलाशी आपले कुटुंब चाच्यांपासून वाचवायला धावतो आणि त्या धावपळीत निरपराधांचा जीव घेतो. ओझिमँडियसची गोष्टच ती, दुसऱ्या वेशात. पहिल्या वाचनात ही सारी पाने मी भरताड समजून ओलांडली होती.

गिबन्स यांनी मात्र ती ओलांडू दिलेली नाहीत. त्यांच्या पानाचा मूळ साचा तीन ओळींत तीन, अशा नऊ समान चौकटींचा. एरवी सुपरहीरोंच्या कॉमिक्समध्ये नायकाने ठोसा मारला की चौकटी मोडतात, पान त्याला मोकळे करून दिले जाते. इथे वीराच्या पराक्रमाला जेवढी जागा, तेवढीच ठेलेवाल्याच्या बडबडीला. हा केवळ घाटाचा नेटकेपणा नव्हे. माणसांकडे पाहण्याची ती एक भूमिका आहे.

अकराव्या अंकात ओझिमँडियस अंटार्क्टिकात बसून आपली योजना समजावून सांगत असतो आणि मधूनमधून तो चौक दिसत राहतो. एक टॅक्सीचालक बाई आपल्या मैत्रिणीला रस्त्यात मारहाण करते. मॅल्कम लाँग हा मानसोपचारतज्ज्ञ, पत्नी सोडून जाण्याची धमकी देत असतानाही, ते भांडण सोडवायला पुढे होतो. ठेलेवाल्याला आणि त्या मुलाला कळते की दोघांचे नाव एकच, बर्नार्ड. मग पांढरा झोत येतो. म्हातारा मुलाला कवटाळतो आणि दोघांच्या आकृती त्या प्रकाशात विरून जातात. बाराव्या अंकाच्या आरंभी, इतका वेळ मोठ्या चित्रांची काटकसर करणारे गिबन्स सलग सहा पूर्ण पाने देतात. ती मृतांची पाने आहेत. त्यांत एकही संवाद नाही. माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाने ती सहा पाने बहुधा सहा सेकंदांत उलटली असावीत.

ओझिमँडियस दूरचित्रवाणी-संचांच्या भिंतीसमोर बसून अनेक वाहिन्या एकाच वेळी पाहतो. त्याला जगाचे कल दिसतात, माणसे दिसत नाहीत. माझे पहिले वाचन याहून वेगळे नव्हते. त्याचा हिशेब नैतिकदृष्ट्या तपासायला मी वर्गात उभा राहिलो, पण त्या हिशेबात कोण खर्ची पडले हे मलाही ठाऊक नव्हते. चौकातली माणसे संत नाहीत. ठेलेवाला तर स्वतःच लाखोंच्या मरणाची भाषा सहज बोलतो. तथापि तीनशेहून अधिक पाने त्याच्या ठेल्याजवळ घुटमळल्यावर त्याला आकड्यात ढकलणे कठीण जाते, आणि हे कठीण जाणे हाच मला आता या कृतीचा युक्तिवाद वाटतो. ओझिमँडियसचे खंडन कोणत्याही पात्राच्या भाषणाने नीट होत नाही. ते त्या नऊ चौकटी करतात.

क्रमशः वाचणाऱ्यांना प्रत्येक अंकानंतर थांबणे भाग होते. संग्रहित खंडाने मला घाईची सोय दिली, तशी मागे वळण्याचीही.

पुढच्या वर्षी तोच खंड वर्गात नेला. बरोबर की चूक हे विचारण्याआधी मुलांना एकच काम दिले : त्या चौकात कोण कोण उभे असते, त्यांची यादी करा. त्या तासाला फळ्यावर आकडे नव्हते, नावे होती. जिची मला उत्तर द्यायची होती, ती विद्यार्थिनी मात्र तोवर उत्तीर्ण होऊन गेली होती.