ओळख वाढतेच आहे!

बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाल्यावर पंडिता रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही! आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. ते वाचलं आणि मला घरात बसवेना. बहिणीला फोन केला, मंडळीतल्या मैत्रिणींना गाठलं, दिसेल त्याला सांगत सुटले. अहो, आठ वर्षं! आणि कोणाला? तर रमाबाईंना!

ही बाई कोण होती ते आठवून पाहा. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक. आईच्या तोंडून संस्कृत शिकलेली, भागवत मुखोद्गत असलेली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं, ती. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही आपल्या गुरुजनांशी सिद्धान्तांवरून पत्रापत्री करून भांडत राहिली. नुसत्या विद्येने देव कळता, तर तो सगळ्यात आधी रमाबाईंना कळला असता. पण 1890 च्या अखेरीस, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदासदन मुंबईहून पुण्यात आलं आणि त्यानंतर, आपल्या याच पुण्यात, त्यांना कळलं की मला येशू स्वतः हवा आहे. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं होतं. हा माणूस धर्मगुरू झाल्यानंतर कितीतरी दिवसांनी, स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता पालटला होता!

मी जन्मापासून मंडळीतली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं मला पुस्तकाशिवाय येतात, संडे स्कूलची वचनं अजून तोंडपाठ आहेत, दृढीकरण झालेलं आहे. हे सगळं सोनं आहे आणि ते मला आयतं मिळालं, याबद्दल देवाची स्तुती असो. पण स्थळाचा बायोडेटा पाठ असणं वेगळं आणि त्या माणसाबरोबर रोज संसार करणं वेगळं. रमाबाईंच्या साक्षीने मला हे उमगलं की देवाची ओळख ही रोज वाढणारी गोष्ट आहे. ती काल होती त्यापेक्षा आज जास्त असू शकते. उद्या आणखी!

आता सकाळी कुकर लावायच्या आधी मी लूककृत शुभवर्तमान उघडते. एकच उतारा घ्यायचा आणि एवढंच विचारायचं : प्रभू, इथे तू कसा आहेस? परवा तेरावा अध्याय होता. अठरा वर्षं कमरेत वाकलेली ती बाई. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्या सकाळी एकदम दिसलं की तिने काही मागितलेलंच नाही! ती हाक मारत नाही, वस्त्राला हात लावत नाही, कोणाकरवी निरोप धाडत नाही. वाकलेल्या माणसाला समोरच्याचा चेहराही धड दिसत नाही. तिने त्याला पाहण्याआधी त्याने तिला पाहिलं, जवळ बोलावलं, तिच्यावर हात ठेवले. आणि सभास्थानाचा अधिकारी शब्बाथावरून रागावला, तेव्हा येशूने तिला अब्राहामाची लेक म्हणून सगळ्यांसमोर मान दिला. मी तिथल्या तिथे त्याच्याशी बोलू लागले. माझ्या न मागितलेल्या किती गोष्टी तुला दिसत असतील रे प्रभू! त्या दिवशी मला देवाविषयीची माहिती मिळाली नाही, देवाचा स्वभाव कळला.

आणि योहानाचा चौथा अध्याय! शोमरोनी स्त्री पाणी भरायला विहिरीवर येते. आधी तिला समोर फक्त एक परका यहूदी दिसतो. मग ती आदराने बोलू लागते, मग म्हणते हा संदेष्टा दिसतो, आणि शेवटी घागर तिथेच टाकून गावात धावते, हाच ख्रिस्त असेल का, असं विचारत! एका दुपारच्या बोलण्यात ओळख केवढी वाढली! रमाबाईंचंही मन याच गोष्टीने हललं होतं. इंग्लंडमध्ये फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या आणि विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना हीच विहिरीची गोष्ट वाचून दाखवली.

पुण्यात ख्रिस्ताशी गाठ पडल्यावर रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या खोलीतली प्रार्थना दार उघडं ठेवून चाले. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून पुण्यात गहजब झाला आणि 1893 मध्ये सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही! 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलीबायांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं, विहिरी खणल्या गेल्या, शेतं पिकली, छापखाना सुरू झाला. 1905 मध्ये तिथल्या मुली तासन्‌तास प्रार्थनेत रमू लागल्या आणि ती आत्मिक जागृती दूरदूर गाजली. दौंडच्या गाडीने जाताना केडगाव स्टेशन आलं की आता मी खिडकीशी सरकते. आज्ञा पाळता पाळताही देव कळतो, हे या गावाने मला शिकवलं.

पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र आणायला घेतलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई प्रभूकडे गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. 1924 मध्ये ते छापून बाहेर आलं. चाळिशी ओलांडल्यावर एवढा अभ्यास करायचा, कशासाठी? ज्याला ओळखतो त्याला आणखी जवळून ऐकता यावं आणि इतरांनाही ऐकवता यावं म्हणून!

ही ओळख कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचं त्यांना पटलं, आणि मग त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे ठाऊक असेल. नवऱ्याचा देव त्यांना पुरला नाही, त्यांना स्वतःचा प्रभू भेटला. म्हणजे तुम्हालाही तुमचा तुम्हाला भेटेल! आईवडिलांच्या विश्वासावर, पाळकसाहेबांच्या उपदेशावर कशाला भागवायचं?

उद्या सकाळी लूकचा कोणताही अध्याय उघडा. घाईने संपवू नका. प्रभू, इथे तू कसा आहेस, असं मोठ्याने विचारा, आणि जे दिसेल त्याबद्दल त्याच्याशीच बोला. मग मला नक्की कळवा, कारण तुम्हाला तो कसा दिसला हे ऐकायची मला आत्ताच घाई झाली आहे!