रोजचे ९६

आमच्या बाबांचा ऑक्सिजन रोज ९६ असायचा. सोमवारी ९६, मंगळवारी ९६, बुधवारी चुकून ९५, गुरुवारी परत ९६. ते सोलापुरात, मी पुण्यात. हिंजवडीत हापिसात बसून मी शीटवरचा आलेख बघायचो आणि खूश व्हायचो. सर्व्हरचा आलेख इतका सरळ दिसला असता तर पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, सेन्सर मेलाय. पण बापाच्या बाबतीत माणूस इंजिनिअर राहत नाही. असो.

आधी थोडं बाबांबद्दल. पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर ३४ वर्षं, आणि जोडीला विडी. दोन्हीचा हिशेब फुप्फुसांनी चोख ठेवला. आपण सोमवारी हापिसला जायला कुरकुरतो आणि त्याला मंडे ब्लूज म्हणतो. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांचा खराखुरा मंडे फीव्हर असतो. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळून येते. बिसिनोसिस म्हणतात त्याला. बाबांना हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणायचे, "मला सुट्टी सोसत नाही." आम्ही हसायचो.

आता निदान सीओपीडीचं आहे. हा आजार बरा होत नाही, पण त्याचं एक दुष्टचक्र तोडता येतं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पायातली ताकद जाते, आणि मग तेवढ्याच कामाला आणखी दम लागतो. पल्मनरी रिहॅबिलिटेशन नेमकं इथे हात घालतं. फुप्फुस दुरुस्त होत नाही. पाय तयार होतात, आणि ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर घालत श्वास सोडायची सवय लागते.

अडचण अशी की हे एकदा जाऊन इंजेक्शन घेण्यासारखं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान सहा-आठ आठवडे. अक्कलकोटहून किंवा मंगळवेढ्याहून एखादे आजोबा आठवड्यातून दोनदा एसटीने सोलापूरला यायचे म्हटले तर आठ आठवड्यांत सोळा फेऱ्या. ज्याला जिना चढताना धाप लागते त्याने एसटीची पायरी चढायची, तीही सोलापूरच्या उन्हाळ्यात! चौथ्या फेरीनंतर कोण येतंय?

म्हणून हे घरूनच करायचं. २५ मार्च २०२० ला सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली, आणि फोनवरून डॉक्टरशी बोलण्याचं नवल संपलं. पण डॉक्टरशी एकदा बोलणं वेगळं आणि आठ आठवडे नेटाने व्यायाम करणं वेगळं. ते जमतं का? २०२१ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात १५ अभ्यास आणि १९०४ रुग्ण होते, जवळजवळ सगळे सीओपीडीचे. दूरून केलेल्या रिहॅबचा गुण केंद्रात जाऊन केलेल्याइतकाच आला. आणि कार्यक्रम पूर्ण करणारे किती? केंद्रात ७० टक्के, दूरून ९३ टक्के. हे वाचून मी लगेच बाबांचं नाव घातलं.

आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट मॅडम व्हिडिओवर. बाकीचे दिवस गच्चीवर चालायचं, चालून झाल्या झाल्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आणि आईने आकडा शीटमध्ये टाकायचा. ८८ च्या खाली गेला तर थांबायचं, असं बाबांना सांगितलं होतं. शीट अर्थातच मी बनवलेली. लाल, पिवळा, हिरवा रंग वगैरे. :)

मग एका शुक्रवारी हुतात्मा पकडून घरी गेलो. शनिवारी सकाळी गच्चीत बघतो तर बाबा खुर्चीवर बसलेले, बोटाला ऑक्सिमीटर. आईने ९६ लिहून घेतला. मग बाबा चालायला उठले!

"अहो बाबा, चालून झाल्यावर लावायचा ना?"

"एकच की रे. आधी काय, नंतर काय."

पाच फेऱ्या झाल्या आणि ते पाण्याच्या टाकीला धरून उभे राहिले. मी ऑक्सिमीटर लावला. ८७.

मी चिडलो. इतके आठवडे खोटे आकडे? बाबा काही बोलेनात. आई म्हणाली, "पहिल्या आठवड्यात ८९ लिहिला होता, तेव्हा तू फोनवर काय म्हणालास ते आठव."

आठवलं. मी म्हणालो होतो, "आता बास झालं. घराला कुलूप लावा आणि पुण्याला या."

आमच्या टीमला मीच सांगत असतो की बग सांगणाऱ्यावर ओरडाल तर बग कमी होत नाहीत, सांगणारे कमी होतात. आणि घरी? एका ८९ वर मी बाबांचं घर, गल्ली, संध्याकाळचा कट्टा, सगळं काढून घ्यायला निघालो होतो. त्यांनी ९६ लिहिला नसता तरच नवल. एवढी सगळी यंत्रणा उभी केली, पण वाईट आकडा आला तर मी कसा वागेन याची खात्री बाबांना दिलीच नव्हती.

सोमवारी आईनेच मॅडमना सगळं सांगितलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं कळलं. आता कुठून सुरुवात करायची ते ठरवता येईल." चालणं तुकड्यांत केलं : दोन फेऱ्या, बसणं, फुंकर, परत दोन फेऱ्या. शीटचे रंग मी काढून टाकले. आकडे आता थेट त्यांच्याकडे जातात. आणि आकडा बघून पुण्याचा विषय काढायचा नाही, असं मी बाबांना कबूल केलं.

आता आलेख वेडावाकडा येतो. ९१, ८९, ९२, ८८. खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठबस होते ते मॅडम मोजतात. ९ वरून १४ झाली. मागच्या आठवड्यात बाबा कोपऱ्यापर्यंत जाऊन स्वतः 'संचार' घेऊन आले. वाटेत एकदा थांबले, पण आले.

काल रात्री त्यांचाच फोन आला.

"आज ८७ आला होता. थांबलो. मॅडमना कळवलंय." आणि गप्प. मी काय म्हणतोय याची वाट बघत असावेत.

तोंडावर आलेलं सगळं गिळलं. म्हटलं, "बरं केलंत. जेवलात का?"