निनावी म्हणजे किती निनावी?

मैत्रिणींनो, जनगणनेचा माणूस दारात आला की आपण नळ-संडासापासून सगळं सांगतो. मग कुणी संगणकाची माहिती मागितली तर बिचकायचं का? मी बिचकले, आणि बरंच झालं!

कळव्याच्या आमच्या घरात एक जुना संगणक आहे. त्यावर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका करते. धाकटे भावजी इंजिनिअरिंगला. त्यांनी कॉलेजसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी, एवढं टिपून निनावी पाठवायचं. "वहिनी, जुनी यंत्रं वापरात आहेत हे कळलंच नाही, तर नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांची सोय कोण ठेवील?" म्हणणं पटलं. 'फेडोरा'वाल्यांनी २००७ साली 'स्मोल्ट' नावानं अशीच मोजदाद सुरू केली होती. २०१८ च्या 'उबुंटू'नं तर काय पाठवणार ते आधी दाखवून परवानगी विचारली.

मीही म्हटलं, "आधी मला दाखवा." बघते तो काय, संगणकाच्या नावापुढे माझंच नाव-आडनाव! घेतला तेव्हा ह्यांनी हौसेनं घातलेलं. खाली डिस्कचा क्रमांक. तो तर यंत्राच्या अंगठ्याचा ठसाच! भावजी ओशाळले. रात्री जागून त्यांनी दोन्ही ओळी गाळल्या आणि 'आधी वाचा, मग पाठवा' अशी सोय केली. मग मी स्वतः बटण दाबलं.

तेव्हा बायांनो, 'निनावी' शब्दावर भुलू नका, नि घाबरून नाहीही म्हणू नका. वाण्याचं बिल वाचून पैसे देतो ना, तसंच हेही!