कोथरूडची छोटी लाइन

वीकएंडला कोथरूडमध्ये काय करायचं? मॉल नको, मल्टिप्लेक्स नको? मग सरळ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम गाठा. ‘छे, ते लहान मुलांसाठी!’ असं म्हणत मीही बरीच वर्षं टाळलं होतं.

शो सुरू होतो. समोर अख्खं शहर. पूल, बोगदे, सिग्नल, चक्क सर्कससुद्धा! स्केल १:८७, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खराखुरा डबा इथे जेमतेम वीतभर होतो. मग दिवे मंदावतात, शहरात रात्र होते, घराघरांत उजेड पडतो आणि आपण नकळत टाळ्या वाजवतो.

खरी गंमत पडद्यामागची. भाऊसाहेब जोशींनी आधी फिरतं लेआउट करून त्याची प्रदर्शनं भरवली. विचार करा, एवढ्या वायरी, एवढे नाजूक सांधे सोडवायचे, न्यायचे, पुन्हा जुळवायचे! रूळ जरा सरकला की गाडी घसरली. वीज रुळांतूनच चाकांना मिळते, त्यामुळे धूळ बसली की इंजिन ठप्प. अशा पसाऱ्याला हक्काचं घरच हवं. ते १९९८मध्ये उभं राहिलं.

बाहेर पडताना माझा टीम लीड मित्र म्हणाला, ‘शाळेत मी विमानं बनवायचो, यार.’

‘मग आता?’

‘वेळ कुठंय?’

परवा त्याने बाल्सा लाकूड आणलंय. पाकीट अजून फोडलेलं नाही. पण टेबलावरचा लॅपटॉप हलवलाय.